पहिला भाग तिकडे राहिला

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा पुस्तकांचीही वाटणी झाली, आणि ती मी केली. त्या दिवशी मला या गोष्टीचा फार अभिमान वाटला होता. पुढे मी तिच्याबद्दल कुणापाशी अक्षर काढलं नाही.

मी मूळची देगलूरची. अहमदपूरकडून जळकोटकडे जाताना वाटेत एक मोठं गाव लागतं, तिथल्या वाचनालयात मी हंगामी ग्रंथपाल होते. हंगामी म्हणजे ग्रंथालय खात्याच्या साहेबांच्या मर्जीवर. लातूर नवा जिल्हा झाला आणि जुन्या जिल्ह्याच्या ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं आमच्याकडे द्यायची ठरली. वाटपाला चार माणसं बोलावली, त्यांत मी एक. बाकीचे तिघं कादंबऱ्यांवरून भांडत बसले. माझ्या वाट्याला कुणालाच नको असलेली दोन कपाटं आली. एकात परदेशप्रवासाची पुस्तकं, दुसऱ्यात स्वातंत्र्याच्या चळवळी आणि अलीकडचा राजकीय इतिहास. मी नोंदवही उघडली, विषम क्रमांक जुन्या जिल्ह्याला, सम क्रमांक नव्याला असं ठरवलं आणि दुपारच्या चहाआधी मोकळी झाले. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "वाटणी करावी तर अशी."

दोन भागांची पुस्तकं नोंदवहीत एकापाठोपाठ चढवतात, हे मला आमच्या वाचनालयाला आलेल्या त्या पुस्तकांच्या पेट्या गावी फोडल्यावर आठवलं. एकूण एक जोडी मी फोडली होती. आमच्या कपाटातले एक गृहस्थ बोटीत बसून युरोपला निघाले ते परत आलेच नाहीत. दुसरे एक नुसतेच रशियाहून परत येत होते, गेले कधी ते कुणाला ठाऊक नाही. एक देश पहिल्याच पानावर स्वतंत्र होत होता. वाचक विचारायचे, उरलेला भाग कुठाय? मी सांगायची, छापलाच नाही. माझी जीभ तिखट होती, त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

त्यात दुष्काळ पडला. दुष्काळात वाचनालय भरतं, हे मी तेव्हा पाहिलं. रानात काम नाही, बाजारात माल नाही, मग माणसं पेपरची पानं वाटून घेऊन दिवसभर बसायची. बाया टँकरसाठी आमच्या भिंतीलगत घागरी नंबरला लावायच्या आणि सावलीला आत यायच्या. मी त्यांना उठवायची. "वाचायचं असेल तर बसा," म्हणायची, त्यांना वाचता येत नाही हे माहीत असताना. वाचकांसाठी ठेवलेल्या माठाच्या झाकणाला मी साखळी घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मला त्या किल्लीची मजा वाटायची, हे खोटं कशाला बोलू?

त्या गर्दीत अप्पा यायचे. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेले, लिंगायत, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. दुष्काळात लग्नं थांबली, गिऱ्हाईक तुटलं, आणि अप्पा गादीवर बसून परदेशप्रवास वाचायला लागले. दर सोमवारी महादेवाचं दर्शन घेऊन साडेदहाला वाचनालयात येत, पुस्तक बदलत. हैदराबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण बर्लिनचे रस्ते त्यांना पाठ. पुस्तक ते पहिल्या कोऱ्या पानापासून वाचत, मुद्रकाचा पत्तासुद्धा सोडत नसत.

"काय अप्पा, आज मुक्काम कुठं?" मी विचारायची.

"हाव बाई, जपानात हाय. तिथं लई पाऊस पडून राहिला."

मला ते आवडायचे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

एका सोमवारी ते हातातल्या पुस्तकात बोट घालूनच आले. निजामाच्या राज्यातल्या चळवळीचा इतिहास, अर्थातच दुसरा भाग. आत तळटीप होती: या करोडगिरी नाक्यावरच्या हल्ल्यात पडलेल्यांची नावे पहिल्या भागाच्या परिशिष्टात पाहावीत. करोडगिरी नाका म्हणजे निजामाची जकात चौकी. अप्पांचा थोरला भाऊ अठराव्या वर्षी हद्दीपलीकडच्या छावणीत पळून गेला होता आणि याच नाक्यावर मेला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पोलीस घरी आले तेव्हा वडिलांनी भीतीपोटी सांगितलं, पोरगा बैरागी होऊन काशीला गेला. मग तेच मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले. गावानं तेच खरं धरलं.

"आमच्यात माणूस गेला की बसवून मूठमाती देतेत, बाई," अप्पा म्हणाले. "त्याला कुणी बसवलं, कुठं बसवलं, ठाऊक न्हाई. आता गावात हे हुतात्म्यांचं स्मारक होऊन राहिलं. दगडावर नाव आलं तरी लई झालं. समितीवाले म्हणतेत, छापील पुरावा आणा, दगड एकदा कोरला की कोरला. तेवढा पहिला भाग जुन्या जिल्ह्यातनं मागवा."

एक पत्र टाकायचं होतं. पण पत्र साहेबांच्या सहीनं जायचं, त्यात दोन्ही भागांचे क्रमांक लिहायचे, आणि लागोपाठचे ते आकडे पाहून कुणीही विचारलं असतं की ही अकलेची वाटणी केली कुणी. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर पडला होता. मी म्हणाले, "पाठवते."

पुढच्या सोमवारी अप्पांनी विचारलं, "बाई, पत्राचं काय झालं?"

"गेलंय, अप्पा."

"येईल," ते म्हणाले आणि प्रवासाचं पुस्तक घेऊन गेले.

असे सोमवार जात राहिले. तेच विचारणं, तेच उत्तर, तेच "येईल." एकदा म्हणाले, "मीच यष्टीनं जाऊन बघून येतो की." मी सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसाला पुस्तक दाखवत नाहीत, नियम आहे. असा नियम कुठेच नव्हता. पण छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस होता तो, नियम म्हटल्यावर गप्प बसला.

खोटं बोलून बोलून मला त्यांचाच राग यायला लागला. समोर उभे राहिले की अंगाची लाही व्हायची. एका सोमवारी भरल्या वाचनालयात मी म्हणाले, "अप्पा, परदेशाच्या गोष्टी वाचून तुम्हाला कशातही काही दिसायला लागलंय. तुमच्या वडिलांनीच सांगितलं ना, भाऊ काशीला गेला म्हणून? मग तिकडं बघा की." माणसं हसली. घागरी लावून बसलेल्या बायाही हसल्या. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली, परत खांद्यावर ठेवलं. "पत्र मात्र बघा, बाई," एवढंच म्हणाले.

दगड कोरला गेला. अनावरणाला पाहुणे येणार म्हणून धूळ बसवायला टँकर बोलावून मैदानावर पाणी मारलं. बाया रिकाम्या घागरी काखेत घेऊन ते पाणी जमिनीत जिरताना पाहत उभ्या होत्या. अप्पा त्यांच्याही मागे उभे होते. सात नावं वाचली गेली, त्यांत त्यांना हवं ते नव्हतं.

महिनाभरात मी कायम झाले. आता माझं कुणी वाकडं करू शकत नव्हतं, तेव्हा मी पत्र टाकलं. सोमवारी टाकलेल्या पत्राचं पुस्तक शुक्रवारी टपालानं हातात आलं. मी तडक परिशिष्ट उघडलं. तिसरंच नाव अप्पांच्या भावाचं, पुढे वडिलांचं नाव, गाव, वय अठरा. तरी अप्पांच्या दुकानाकडे जाताना वाटेत मी काय जुळवत होते? "शेवटी मिळवलंच बघा अप्पा," हे वाक्य. मला वाटत होतं ते माझे उपकार मानतील.

अप्पांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि नेहमीसारखं पहिल्या कोऱ्या पानापासून उघडलं. तिथे जुन्या जिल्ह्याच्या ग्रंथपालांची चिठ्ठी होती. मी ती पाहिलीच नव्हती. अप्पांनी ती मोठ्यानं वाचली. "आपले पत्र आज मिळाले. पुस्तक आजच्याच टपालाने पाठवीत आहोत." खाली आदल्या दिवसाची तारीख होती, तीही वाचली.

मग त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि परिशिष्ट काढलं. नावावर बोट ठेवून तेही वाचलं. मी काहीतरी बोलायला लागले तेव्हा ते उठले, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"उन्हाचं आलात. घ्या, बाई."

त्या दिवसांत पाणी विचारणं म्हणजे केवढं होतं, हे माठाला कुलूप लावणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं. मी प्याले. पेला रिकामा होईपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.

पुस्तक घेऊन ते समितीकडे गेले. दगडावर जागा उरली नाही, असं उत्तर मिळालं.

सोमवारी साडेदहाला अप्पा वाचनालयात आले. खोली भरलेली होती.

"बाई, पत्राचं काय झालं?"

मला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोकं अगदी जागेवर होतं.

"अप्पा, पुस्तक तर तुमच्याकडे..."

"पत्राचं विचारून राहिलो मी."

माणसं पेपरवरून बघायला लागली. मागे रांग थांबली. माझ्या तोंडून गेलं, "गेलंय, अप्पा."

"येईल," ते म्हणाले, आणि प्रवासाचं पुस्तक घेऊन गेले.

त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही. पाऊसपाणी झालं, लग्नं निघाली, दुकानात उभं राहायला जागा नसायची, तरी साडेदहाला अप्पा हजर. एकदा मी उत्तर दिलं नाही, तर हात जोडून उभेच राहिले, रांग दारापर्यंत गेली, शेवटी मला बोलावं लागलं. लोक म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झाला, पण बाई किती शांतपणे उत्तर देतात. माझी गावात मनमिळाऊ म्हणून ख्याती झाली. किती वर्षं हे चाललं ते मी मोजलं नाही.

अप्पा गेले तेव्हा त्यांना त्यांच्या शेतात बसवून मूठमाती दिली. मी गेले नाही. त्यानंतरच्या सोमवारी मी टेबलाशी बसले होते. साडेदहा झाले. कुणी काही विचारलं नाही.

"गेलंय, अप्पा," मी म्हणाले.

समोर पेपर वाचत बसलेल्या माणसानं मान वर केली. "काय म्हणलात, बाई?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "वाचा तुम्ही."