आक्का आणि अण्णांचा बर्फ

आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला बर्फ घातलेलं सरबत देणं म्हणजे त्याचा मान राखणं. आमची आक्का त्या पेल्यात सरळ बोटं घालायची आणि बर्फ काढून बाहेर फेकायची. स्वतःच्या पेल्यातला तर काढायचीच, शेजारच्याच्याही. चुलत बहिणीच्या लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या पेल्यातला बर्फ असाच काढला आणि म्हणाली, "पावणं, आता प्या." ते गृहस्थ पेला हातात धरून बघतच राहिले. आईला कुठे तोंड लपवू असं झालं. आम्ही जैन. बर्फ वर्ज्य मानणारी म्हातारी माणसं नात्यात होतीच, त्यामुळे लोकांना वाटायचं, आक्का धर्म कडक पाळते. तसं काही नव्हतं. ती चिडलेली होती, आणि मला कळायला लागल्यापासून मी तिला चिडलेलीच पाहत आले.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण. अण्णांचं ऐकून आम्ही पोरंही तिला आत्या न म्हणता आक्काच म्हणायचो. तिने लग्न केलं नाही. शाहूपुरीत दोन खोल्यांत राहायची आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. त्याआधी, तरुणपणी, ती हिमालयातल्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्या एका गटात होती. मुली आमच्या घरातून पेठ वडगावच्या पुढे जात नव्हत्या, तेव्हा ही भांडून तिकडे गेलेली.

तिकडच्या गोष्टी ती डोंगरांचं कौतुक म्हणून कधी सांगायची नाही, तक्रार म्हणून सांगायची. जिथे गाव नाही, रस्ता नाही, तिथल्या बर्फात चुलीची आणि ट्रकची काजळी सापडायची. खालच्या मैदानी मुलखात पिकावर मारलेलं औषध उन्हाने हवेत उडतं, थंड जागी पोचलं की खाली बसतं, आणि पडत्या बर्फाबरोबर थरांत गाडलं जातं, हे तिने स्वतः तपासून पाहिलं होतं. काजळीने मळलेला बर्फ ऊन जास्त ओढतो आणि लवकर वितळतो. वितळताना निघणारं पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं, कारण बर्फातली विरघळणारी घाण त्या पहिल्या पाण्याबरोबरच सुटते. आणि खालच्या वस्तीतली बाई उन्हाळ्याची वाट बघत त्याच पाण्यासाठी भांडं घेऊन उभी असते. एवढं सांगून आक्का म्हणायची, "पांढरं दिसलं की लोकांस्नी स्वच्छ वाटतंय. बर्फ घाण मारत न्हाय, सांभाळून ठेवतोय."

हे सगळं हिमालयापुरतं राहिलं असतं तर घरात कुणाला त्रास नव्हता. पण अण्णांचा बर्फाचा कारखाना होता. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी पत्र्याच्या उभ्या डब्यांत भरायचं आणि त्याच्या लाद्या करायच्या. लाद्या मासळीसाठी आणि दुधाच्या गाड्यांसाठी, असं कागदावर होतं. उन्हाळ्यात मात्र रसवाले आणि गोळेवाले दारात रांग लावायचे, आणि अण्णा कुणाला परत पाठवायचे नाहीत.

एका रविवारी आक्का कारखान्यात आली. मीही तिथेच होते. तिने एक लादी बाहेर उन्हात काढायला लावली आणि फोडायला सांगितली. कडा काचेसारख्या होत्या, मधोमध पांढरट गाभा होता. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातलं नको ते सगळं आत ढकलत नेतं, ते शेवटी या गाभ्यात अडकतं, असं तिने सांगितलं. मग तेवढाच गाभा पातेल्यात वितळवून तिने ते पाणी अण्णांपुढे ठेवलं. तळाला गाळ होता, नाल्याचा वास येत होता.

"मी काय खायाला देत न्हाय," अण्णा म्हणाले. "घेणारा नेऊन काय करतोय, ते माझ्या हातात न्हाय."

"तुझ्याच हातातनं जातंय की," आक्का म्हणाली. "घरात दुहेरी फडक्यानं पाणी गाळून पितोस. बारका जीव मरू नये म्हणून. आणि लोकांच्या पोरांस्नी हे?"

अण्णांनी पातेलं उचलून मोरीत ओतलं आणि चहा मागवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या भागात काविळीची साथ आली. कारखान्यासमोर बाबूभाईंचा उसाच्या रसाचा गाडा होता, बर्फ आमचाच. त्यांची सून शाहीन आक्काची विद्यार्थिनी. पोटुशी होती, दुपारी सासऱ्याच्या मदतीला गाड्यावर बसायची आणि तोच रस प्यायची. कावीळ अंगात भिनली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. तिथेच ती पोटातल्या बाळासकट गेली.

आक्का तिच्या मातीला जाऊन आली आणि थेट आमच्या घरी आली. चपला न काढताच अण्णांना म्हणाली, "मी उद्या जाऊन तक्रार देतो. तुझी बहीण म्हणूनच देतो." नातेवाईक गोळा झाले. घराण्याच्या नावाचं काय, बहिणीनेच भावाला खड्ड्यात घालायचं काय, असं सगळं तिला ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार दिली.

तपासायला सरकारी माणसं आली, पण सांगून आली. तोवर अण्णांनी डबे घासून घेतले होते, टँकरचं पाणी भरलं होतं. बर्फ स्वच्छ निघाला. साथीचं कारण नळाच्या पाण्याची फुटलेली पाइप ठरली. "पाइपबी फुटली आसंल आणि बर्फबी घाण आसंल," आक्का मला म्हणाली. "दोन्ही खरं आसू शकतंय. त्यांस्नी एकच पायजे हुतं, त्यांनी सोपं ते घेतलं."

त्यानंतर बहीणभाऊ बोलले नाहीत. काही महिन्यांनी अण्णांनी कारखान्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, कुणाला न सांगता. मी धावत जाऊन आक्काला सांगितलं. मला वाटलं होतं, ती निवळेल. तिने विचारलं, "बाबूभाईंस्नी सांगितलं काय, का बसवलं ते?" मी नाही म्हणाले. "मग मला कशाला सांगतीस?" ती म्हणाली आणि पेपर तपासत बसली.

गेल्या हिवाळ्यात आक्का हृदयविकाराने गेली. अण्णांनी खांदा दिला. स्मशानातून परतताना गाडीत आम्ही दोघेच होतो. ते म्हणाले, "तिचं बरोबर हुतं. पण तिनं चारचौघांत न्यायला नको हुतं. आधी मला एकट्याला सांगायचं."

"सांगितलं होतं, अण्णा," मी म्हणाले. "ते पाणी तुम्ही मोरीत ओतलंत."

घर येताच ते उतरून आत गेले. आई दारात रडत होती, शेजारणी रडत होत्या. मला रडू आलं नाही. आक्कासाठी रडायच्या आधी मला अजून बराच राग संपवायचा आहे.