इंजिनाच्या डॉक्टरांचं निदान

आमच्या यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. कुठलीही गाडी आणा, हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि रोग सांगतात. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतो, ते मी कशाला नाकारू? पण एकदा रोग सांगून झाला की ब्रह्मदेव खाली आला तरी तो बदलत नाही. हे छत्री बसमध्ये विसरून आले, तरी चूक कंडक्टरची. त्यानं हाक मारायला नको का!

पुढे गॅरेज, मागे आमच्या दोन खोल्या, मधे एक दार. त्या दारात बसून मी पॅकिंगं कापते. पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मधे तेल गळू नये म्हणून घालतात तो जाड कागद. जुन्या गाड्यांची आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून हे भागाचा ठसा कागदावर उठवून देतात आणि मी शिवणाच्या कात्रीनं कापते. बावीस वर्षं कापतेय. बिल फाडताना मात्र नाव डॉक्टरांचंच!

भावजी, म्हणजे यांचा धाकटा भाऊ, यांच्याच हाताखाली तयार झाले. बोलणं कमी, हात सोन्याचा. बोल्ट आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देणार, म्हणजे पुन्हा बघायला नको. आणि खरंच कुणाला कधी बघावं लागलं नाही. 'भावजींचा ठिपका' म्हणजे आमच्या गॅरेजात शिक्का होता.

सहा वर्षांपूर्वी वकिलांची गाडी पूर्ण इंजिनकामाला आली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, फुगीर पाठीची, हिरवी. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. इंजिन भावजींनी जोडलं. शेवटच्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात हलवावं लागलं, तेव्हा भावजी काम टाकून तिकडे धावले. उरलेलं यांनी उरकलं. वकील गाडी घेऊन गेले आणि दोन दिवसांत परत आले. इंजिनातून टकटक येतेय म्हणाले.

यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "पिस्टनची पिन सैल बसलीय," म्हणाले. "इंजिन पुन्हा उघडावं लागेल." वकील भडकले. "पुन्हा उघडायचं? मग इतके दिवस काय गोट्या खेळत होतात?" आणि तशीच टकटकती गाडी घेऊन चालते झाले. झालं! गिऱ्हाइकासमोर नाक कापलं गेलं, आता खापर कुणाच्या तरी माथी फोडायला हवं. पाच माणसांच्या देखत हे भावजींना म्हणाले, "काम करताना तुझं लक्ष कुठे असतं? उद्यापासून माझ्या हत्याराला हात लावायचा नाही." भावजींनी हात पुसले आणि ते गेले. तेव्हापासून एका गोदामात पुठ्ठ्याची खोकी चिकटवतात. सासूबाई गेल्या तेव्हाही दोघं भाऊ खोलीच्या दोन टोकांना उभे होते. जाताना त्या बाईच्या तोंडी एवढंच होतं, "त्याला परत घे रे." हे 'हो' म्हणाले. घेतलं नाही.

गेल्या महिन्यात वकील पुन्हा दारात. आता निवृत्त झालेत. बायकोला घेऊन याच गाडीनं लांबच्या प्रवासाला जायचं त्यांच्या मनात होतं. "सहा वर्षं ऐकतोय हो ही टकटक. दुसऱ्या तीन ठिकाणी दाखवली, कुणालाच सापडली नाही. तुम्ही काय उघडायचं ते उघडा, पण ही बंद करा." यांची कळी खुलली. मला म्हणाले, "बघ आता, पिनच निघते की नाही."

मी म्हटलं, "बघतेच."

पहिल्या दिवशी यांनी टॅपेटची, म्हणजे झडपा ढकलणाऱ्या भागांची, फट पातळ पट्ट्या घालून मोजली, ती ठीक. दुसऱ्या दिवशी मला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला बसवलं आणि एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकला. पिन सैल असेल तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज बदलतो. हे यांनीच मला शिकवलेलं. चारही वायरी काढून झाल्या, टकटक आहे तशीच. मी काचेतून यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघेनात.

तरी इंजिन उघडलंच! हट्ट म्हणजे हट्ट. तेलाची टाकी खाली काढली, पिस्टन बाहेर घेतले, पिनी, बेअरिंगं, सगळं कापडावर मांडलं. एकेक वस्तू अशी चोख की बघत राहावं. एक पिन सैल नव्हती. बोल्टांवर पांढरे ठिपके अजून तसेच. हे त्या कापडासमोर उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, आता तरी बोलतील. "चहा टाक," म्हणाले.

पाचव्या दिवशी सगळं परत जोडून गाडी चालू केली. टकटक! वैतागून यांनी इंजिनाच्या अंगावर इथे तिथे तळहात ठेवायला सुरुवात केली, आणि पेट्रोलच्या पंपावर हात थांबला; तिथे ठोके हाताला लागत होते. हा पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. त्याचा एक दांडा आत जातो, आतला फिरता कॅम तो दांडा हलवतो, म्हणून पेट्रोल वर चढतं. यांनी पंप काढला, भोकावर पत्रा बसवला आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालू केली. एकदम शांत. सहा वर्षांनी म्हातारी शांत झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पंप मीच उलटा करून बघितला. खाली पॅकिंग एक नव्हतं, दोन होती. एक तपकिरी, एक करडं, एकावर एक चिकटलेली. दोन्ही माझ्या कात्रीची. सहा वर्षांपूर्वी त्या शेवटच्या दिवशी तपकिरी कागद संपला होता म्हणून दुसरं करड्यातून कापलेलं मला लख्ख आठवलं. पंपाखालून तेल पाझरत होतं, आणि हेच म्हणाले होते, "अजून एक काप, जाड झालं की थांबेल." जाड झालं, तेल थांबलं, आणि पंप तेवढा बाहेर सरकला. मग दांड्याला कॅम नीट टेकेना, दर फेऱ्याला ठोकर बसायला लागली. त्या वेळी भावजी दवाखान्यात आईचे पाय चेपत होते.

"अहो, हे तुम्ही बसवलंत."

"असेल."

"असेल नाही, आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही."

"गप्प बस. वकील यायचेत."

यांनी एकाच पॅकिंगवर पंप परत बसवला. वकील आले, गाडीची शांतता ऐकून हरखले. काय होतं हो, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "जुन्या जोडणीतली चूक." वकील म्हणाले, "त्या भावाची ना? मला तेव्हाच वाटलं होतं." यांनी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. मला इतकी किळस आली त्या मानेची.

वकील गेल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. "भावजींना आत्ताच्या आत्ता फोन करा. नाहीतर मी करते आणि सगळं सांगते." यांचे हात तेलकट होते, म्हणून नंबर मी लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून मीच धरला.

"काय रे," हे म्हणाले. "वकिलांची म्हातारी आली होती. घालवला तिचा आवाज." मग तेलकट बोटं फडक्याला पुसली. "जाऊ दे, झालं ते झालं. माणूस आहे, चुकतो. मी मनात काही ठेवलेलं नाही. सोमवारपासून ये कामाला."

पडलं तरी नाक वर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून रडण्याचा आवाज आला.

"दादा, खरंच येऊ? चुकलंच रे माझं. आईच्या काळजीनं लक्ष नव्हतं माझं."

हे माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षांत या माणसानं माझ्यापुढे कधी डोळे खाली घातले नव्हते, ते घातले. मला कळलं, आत्ता मी खरं बोलले तर हे फोन हिसकावून बंद करतील आणि भावजी जन्मभर खोकी चिकटवत राहतील. मी मूग गिळले. थू माझ्या जिनगानीवर, पण गिळले.

सोमवारी भावजी आले. केस पांढरे झालेत. आठवडाभर खाली मान घालून काम केलं. शनिवारी चहाला आत आले, दाराकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? दादाला विचारायची हिंमत होत नाही. माझं नक्की चुकलं काय होतं? सहा वर्षं एकेक बोल्ट आठवून बघितला, मला सापडत नाही. कळलं तर पुन्हा व्हायचं नाही."

बाहेर यांची हातोडी थांबली होती.

"मला इंजिनातलं काय कळतं, भावजी," मी म्हटलं.

"तेही खरंच," ते म्हणाले. कप विसळून ठेवला, बाहेर गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. "दादा, हा बोल्ट मी आवळलाय, पण तू एकदा बघून घेतोस का?"