दातांत धरलेला हातमोजा

उजव्या हाताचा मोजा दातांत धरून ओढायचा आणि थंडीत उघड्या पडलेल्या हाताची बोटं एकेक करून दुमडायची, ही काकांची सवय. हातमोजा पिशवीसारखा, चारही बोटं एकत्र जाणारा. तो घालून मोजता येत नाही, आणि काकांना मोजल्याशिवाय बोलता येत नसे. "एक, गुडघे ताठ. दोन, हात मागे राहतात. तीन, वजन टाचांवर." आपण सुटलो असं वाटलं की, "अजून एक."

आम्ही राहतो त्या शॉमबर्गच्या उत्तरेला, विस्कॉन्सिन राज्याच्या हद्दीपलीकडे एक टेकडी आहे. खरं तर जुना कचरा पुरून वर माती टाकलेली. हिवाळ्यात यंत्रानं बर्फ फवारतात आणि तिथे लोक स्कीइंग शिकतात. शनिवार-रविवारी मी तिथे भाड्याचे बूट द्यायचं काम करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि बर्फावर गेलेलीही. शिकवणारे कमी पडले तेव्हा मलाही ट्रेनिंगला बसवलं. तिथे काका भेटले.

कारखान्यात सुटे भाग तपासण्यात तीस वर्षं घालवून ते रिटायर झाले होते. साठीनंतर स्कीइंग शिकले, पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट घेतलं, लहान मुलांना शिकवू लागले. आता त्यांना दुसरी पातळी हवी होती.

"कशासाठी काका?" मी एकदा घाबरत विचारलं.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या पार्ट्सवर पासचा शिक्का मारला गं. एकदा आपल्यावरही कुणीतरी मारावा."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. माझ्या आईनं त्यांच्यासाठी डब्यातून थालीपीठ पाठवलं. दोन खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "उत्तम. मीठ जरा कमी. अजून एक, डब्याचं झाकण नीट बसत नाही." आईला सांगितलं तर ती हसली. "खरंय की. चार वर्षं तेल सांडतंय."

परीक्षेत मात्र हेच नडायचं. ती दोन दिवसांची. एक दिवस शिकवून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी स्वतः स्की करून. शिकवण्याच्या दिवशी परीक्षक कुणालातरी उतारावरून सोडतात आणि खाली उभ्या उमेदवारानं सांगायचं की याची कोणती एक गोष्ट आधी सुधारावी. एकच. घसरत्या माणसाच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी मावत नाहीत. काका सात सांगायचे. सातही बरोबर असायच्या. दोनदा नापास झाले.

"उरलेल्या सहा दिसत असून गप्प बसायचं?" ते म्हणायचे. "खराब पार्ट सोडून दिल्यासारखं वाटतं यार."

एप्रिलमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मार्चमधला प्रयत्न शेवटचा, हे त्यांना माहीत होतं. सीझनअखेर आम्ही सगळेच दमलेले. बर्फ करडा झालेला, दिवसभर बूट उचलून माझी पाठ धरलेली. बाकावर शेजारी बसून मी अडखळत म्हटलं, "काका, लहान मुलांना तर तुम्ही एकच सांगता."

"त्यांच्यासमोर हातमोजा काढेपर्यंत ती पळून जातात."

"मग परीक्षेतही काढू नका."

त्यांनी हातातला हातमोजा उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आगाऊपणा झाला.

परीक्षेच्या सकाळी उतारावरून सोडायला परीक्षकबाईंनी मलाच निवडलं. मी खाली येऊन थांबले. काकांचा हात तोंडाकडे गेला. हातमोज्याचं टोक दातांत आलं. माझ्या सातही चुका त्यांना पाठ होत्या. मग त्यांनी हात खाली घेतला.

"ती पायांकडे बघते," ते इंग्रजीत म्हणाले. "तिला समोर बघू द्या."

बाई थांबल्या. आधीच्या दोन्ही परीक्षा त्यांनीच घेतल्या होत्या, त्या सवयीनं "अजून एक"ची वाट बघत होत्या. काकांनी हातमोजा मनगटापर्यंत ओढून घेतला. त्यांच्या जबड्याची शीर हलताना मला दिसत होती. ते वाक्य स्कीइंगबद्दलच होतं, मला कळतं. पण वर्गातसुद्धा मी मान खाली घालूनच बसायचे, आणि ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

शिकवण्यात काका पास झाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला होता. बूट घालून देणं माझंच काम, म्हणून मी खाली बसून चारही बकल सैल केली, बुटाची जीभ पुढे ओढली, पायाला आधार दिला. पाय आत गेला, पण पुढे वाकताना काकांनी बाक घट्ट धरला. मी पुन्हा प्रयत्न करायला गेले तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे बाळ. अर्धा शिक्का तर अर्धा."

आता ते दूर दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला मुलीकडे असतात. तिथे टेकडी नाही. पुढच्या महिन्यात माझी दुसऱ्या पातळीची परीक्षा आहे, म्हणून परवा मी त्यांना माझा स्की करतानाचा व्हिडिओ पाठवला आणि वही घेऊन व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा ओढलेला होता. घरातच होते, हात उघडाच होता.

"समोर बघतेस आता," ते म्हणाले.

"अजून एक?"

त्यांनी हात वर केला, बोटांकडे पाहिलं आणि तो परत मांडीवर ठेवला.

"परीक्षेत हातमोजा काढू नकोस," ते म्हणाले. मग त्यांच्या दमलेल्या हातात फोन कलला, आणि स्क्रीनवर बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं.