तिलापियाचं नवं नाव

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सोबत पीएच.डी. करत होते. विषय होता सिक्लिड माशांची नाती, म्हणजे कोण कुणाचा भाऊबंद आणि कुणाला कुठं बसवायचं. या कुळातले आपले मूळचे मासे समुद्राकाठच्या पाण्यात, केरळाकडे जास्त. आमच्या धरणात मिळायचा तो आफ्रिकेतून आणून सोडलेला तिलापिया. नवऱ्याची नोकरी फिरतीची होती, त्यामुळे वर्षाची मुलगी रावेरला माझ्या आईकडे होती.

या माशांच्या घशात दुसरा जबडा असतो. त्याच्या हाडावरून बरंच काही ठरतं. दर रविवारी मासे आणायचे, डोकी उकळायची, हाड सोडवून ब्रशने साफ करायचं आणि काळ्या कागदावर ठेवून चित्र काढायचं. हाताचा वास सोमवारच्या तासालाही असायचा.

चार वर्षांनी प्रबंध टाइप झाला. एसटीने जळगावला जाऊन मी तो सरांच्या टेबलावर ठेवला. सर माझे मार्गदर्शक, निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. त्यांनी पाचसहा पानं उलटली आणि खणातून झेरॉक्सचा गठ्ठा काढला.

"हे परवाच आलं. तुमच्या माशाला तिलापिया म्हणता येणार नाही आता."

"का, सर?"

"तळाशी अंडी घालून राखतात ते तिलापिया. तोंडात सांभाळतात ते वेगळे. त्यातही ज्यांच्यात एकटी मादीच सांभाळते, त्यांना आता ओरिओक्रोमिस म्हणायचं. तुमचा त्यातला. पण नुसतं नाव बदलू नका, स्वतः बघून लिहा."

"माझ्या एकाही माशाच्या तोंडात अंडी नव्हती."

"जाळ्यात आली की थुंकून टाकते ती. धरणावरच जावं लागेल."

दिवाळीच्या सुट्टीत रावेरला येते, असं मी मुलीला कबूल केलं होतं. त्याऐवजी रोज सकाळी धरणावर जाऊ लागले. तिथे मासे निवडत बसणारी एक वयस्क बाई होती. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली. तिच्या हातात एक हडकुळी मादी होती, घट्ट मिटलेल्या तोंडाची. अक्काने अंगठ्याने जबडा दाबला. पाण्याच्या डब्यात मोहरीएवढे काळे डोळे असलेली पिल्लं सांडली. मग तिने मादीही त्यातच सोडली.

"माय शे ही, ताई. पिल्लं तोंडमा शेतस तवलोंग काही खात नही."

"आणि नर?"

"त्यानं काय? तो खड्डा करस, मंग दुसरीना मांगे जास."

मी वहीत तारीख आणि मापं लिहिली, खाली लिहिलं: पिल्लं तोंडात असेपर्यंत मादी उपाशी. पिल्लं डब्यात आईच्या तोंडाशी धावत होती, पण ती मेली होती. मला भूक लागली होती आणि बसून राहावंसं वाटत होतं.

घरी येऊन व्हाइटनर घेऊन बसले. पहिल्याच पानावर लक्षात आलं, की तिलापिया खोडून झालेल्या जागेत नवं नाव मावत नाही. ते फार लांब होतं. टाइपिस्टने पानं पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, सगळंच परत मारावं लागेल." मी बरं म्हटलं.

सुट्टीचे दोन दिवस उरले तेव्हा रावेर गाठलं. मुलगी दारातच होती. आत पळत जाऊन तिने माझ्या आईला सांगितलं, "आई, धुळ्याची आई आली." आई माझ्याकडे बघेना. मी चप्पल काढली, पाणी प्यायले आणि तिथेच चटईवर झोपले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना गाडी पकडायची होती. त्यांनी हाडांची चित्रं बघून मान हलवली. नावाबद्दल काहीच विचारलं नाही. सरांनी पेढे वाटले. मी परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत डोळे मिटून बसले.

जूनमध्ये मुलीला धुळ्याला आणून शाळेत घातलं. पहिले दोन महिने ती आजीसाठी रडायची आणि मला हाक मारताना नुसतं "ओ" म्हणायची. मग एका सकाळी वेणी घालून घेता घेता म्हणाली, "आई, ओढू नकोस ना." मी हात सैल केला आणि वेणी पूर्ण केली. कॉलेजला उशीर होत होता.