वॅगन या शब्दाचे कुळ

काका गेल्याची तार मला पुण्यात, प्रयोगशाळेच्या दारात मिळाली. त्याला पाच आठवडे झाले. त्यांना सांगायची एक गोष्ट मी चार महिने लांबवत होते. तारेने तो प्रश्नच मिटवला.

वडिलांचे हे थोरले भाऊ निफाड स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. कांदा भरलेल्या वॅगनींचे क्रमांक नोंदण्यात त्यांची नोकरी सरली, आणि हा शब्द मुळात आला कुठून, या विचारात उरलेला वेळ. घोडे ओढत ती लाकडी मालगाडीही पूर्वी वॅगनच, आणि शब्द डचांकडून आलेला, हे त्यांना जुन्या शब्दकोशात सापडले. पुढे नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतील विहारात ते रविवारी पाली शिकू लागले आणि तिथे त्यांना ‘वहति’ भेटला : वाहून नेतो. वॅगन, वहति, आपले वाहन... एकाच मुळाचे! त्यांनी सहा पानी टिपण लिहिले. विहारात वाचण्याआधी ते माझ्याकडे तपासायला दिले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

“काका, उच्चार जुळला म्हणजे नातं सिद्ध होत नाही. पुरावा कुठाय?”

“अगं, कानाला पटतंय की!”

“कानाला मांजर आणि मंजिरीही पटेल.”

ते मोठ्याने हसले. “बघा आमची शास्त्रज्ञीणबाई! एका फटक्यात सहा डबे रुळावरून खाली.”

टिपण त्यांनी विहारात वाचले नाही. पुरावा नसणे आणि पुरावा न शोधणे या भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मला तरी कळायला हवा होता.

यंदा ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना व्युत्पत्तीचा जाडजूड इंग्रजी कोश हाती लागला. वॅगनखाली डच, लॅटिन, संस्कृत ‘वह्’... सगळे एका कुळातले. काका बरोबर होते. पत्राला दहा मिनिटे पुरली असती. प्रबंधाचे प्रकरण संपवू, मग स्वतः जाऊन सांगू, असे म्हटले... चूक कबूल करायलाही मला सोयीची वेळ हवी होती.

घरी पोहोचल्यावर काकूंना म्हणाले, “काकू, ते बरोबर होते.”

“मग आता मला सांगतेस होय गं?” एवढेच बोलून त्यांनी मला काकांच्या खोलीत नेले आणि खणातून टिपण काढून दिले. सहाही पानांवर पट्टीने आखलेली तिरपी रेघ होती. अखेरीस, मी बोलले त्याच दिवसाची तारीख आणि तिच्याखाली त्यांचे वळणदार अक्षर : “निष्कर्ष चुकीचा. चूक वेळीच दाखवल्याबद्दल चि. सुजाताचे आभार.”