डॅशबोर्डमागचा आवाज

माझी बायको मंगळवारी गेली. दुपारी मी तिची गाडी इस्पितळातून घरी आणली. वाटेत डॅशबोर्डमागून टक टक असा आवाज येऊ लागला.

इथे अमेरिकेत, रेडमंडचा पाऊस तेव्हा सुरू झालेला होता. हवा काचेवर सोडायचं बटण दाबलं की आवाज वाढायचा आणि वारा मात्र पायांवर यायचा. काच आतून पांढरी होई. मुलगी एकदा शेजारी बसली, तिनं बाहीनं काच पुसली आणि म्हणाली, "बाबा, हे सेफ नाहीये. जस्ट सेल इट."

"दुरुस्त करतो."

"ओके, पण नाही झाली तर या महिन्यात विकायची. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. त्या गाडीच्या सीटला अजून बायकोच्या उंचीचं माप होतं. मी गुडघे दुमडून चालवत असे, पण सीट मागे घेतली नव्हती.

गॅरेज मुलीनंच शोधलं. तिथल्या माणसानं सांगितलं की हवा वळवणारं एक छोटं दार आत असतं, ते फिरवणारी मोटर बिघडली आहे. त्यानं मोटर बदलली. चौथ्या दिवशी टक टक पुन्हा सुरू. जुनीच मोटर पुसून बसवली असणार, असं मी धरून चाललो. मग आठवलं की गाडी घ्यायला गेलो तेव्हा मुलगी त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. आवारात तिनं गाडीचे फोटोही काढले होते. कशाला, विकायच्या जाहिरातीसाठी? मी विचारलं नाही. मात्र गाडीची किल्ली खुंटीवरून काढून पुस्तकांच्या कपाटात ठेवली.

शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. ते नागपूरचे, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. गॅरेजवाल्याची लबाडी त्यांच्या तोंडून ऐकायची, एवढाच माझा हेतू होता.

काकांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, तीन स्क्रू काढून मोटर हातात घेतली. "नवीच आहे हो. उगाच बिचाऱ्याला चोर ठरवून राहिले तुम्ही."

"मग आवाज?"

"आता दाराचा दांडा बोटानं फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सैल फिरला पाहिजे."

मी फिरवला. अर्ध्यावर तो अडला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच.

"मोटर ढकलते, दार उघडत नाही, म्हणून ती टकटक करते. इतकी पुस्तकं वाचता, अन् दार कुठं अडतं ते पाहिलं नाही! आत काहीतरी पडलंय, सरकत सरकत आता दारात अडकलंय."

काचेखालची जाळी त्यांनी उचकटली, तारेला चिकटपट्टी लावून आत सोडली. आधी तांदळाचे चार दाणे आले, कुंकू लागलेले. मग एक हळकुंड.

गेल्या दसऱ्याला पाऊस होता. बाहेर पूजा करता येईना, म्हणून तिनं गाडीत बसूनच डॅशबोर्डवर सगळं मांडलं होतं. तेव्हा तिचे उपचार सुरू होते. तपासणीची वेळ होत आली होती आणि मी घाई करत होतो. ती ताम्हण ठेवायला घरात गेली तेवढ्यात मी हातानं डॅशबोर्ड झाडला. परत येऊन तिनं विचारलं, "अहो, हळकुंड कुठंय? तुम्ही टाकलंत ना?"

"मी हातही लावला नाही. तूच कुठं तरी ठेवलं असशील."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा लावला. त्या दिवशी ती माझ्याशी फारसं बोलली नाही. हट्टी झाली आहे, आजारानं संशयी झाली आहे, असं मला वाटलं होतं.

काकांनी मोटर परत बसवली. बटण दाबलं तशी हवा सरळ काचेवर गेली. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गुड. ते फोटो मी प्रिंट केलेत, बाबा. आईची सीट दिसते त्यात. तुम्हाला हवेत?"

हवेत, म्हणालो. काय सापडलं ते मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.

गाडी माझ्याकडे आहे. सीट होती तिथंच आहे. हळकुंड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं आहे.