सॅन फ्रान्सिस्कोहून पुण्याला

दादा नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "विमानाला वेळ किती लागतो?"

"मध्ये एकदा बदलायचं. साधारण एक दिवस धरा."

"मग एसटीने नागपूरला जाण्यासारखंच की," बाबा म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले बाबा कधी विमानात बसले नव्हते. मंडईमागच्या आमच्या घरात त्या उत्तराने सगळ्यांनाच धीर आला.

पुढच्याच वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. मी हिंजवडीहून कशीबशी हॉस्पिटलात पोचले आणि दादाला फोन केला. "निघतो," एवढंच तो म्हणाला. पण तिकीट लगेच मिळेना. मिळालं ते फ्रँकफर्टवरून, तर तिथे धुक्यामुळे अडकला. मुंबईत उतरला तर घाटात ट्रक उलटलेला. टॅक्सीवाल्याच्या मोबाइलवरून तो पुन्हा पुन्हा फोन करायचा आणि आधी विचारायचा, "आहेत ना गं?"

तो आला तेव्हा बाबा उशीला टेकून पेज पीत होते. "एवढ्या लांबून आलास आणि मी अजून शिल्लक! गैरसोय झाली तुझी." दादा हसला आणि कॉटची कड धरून हुंदके देऊन रडला. रजा संपताच परत गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दादा मिळेल त्या विमानाने निघाला. तो हवेत असतानाच पहाटे बाबा गेले.

काका म्हणाले, "शवागारात ठेवू. मुलगा वाटेत आहे, त्याच्या हातून अग्नी नको का?"

दादाला विचारायची सोय नव्हती. तो नेमका कुठल्या देशावर असेल तेही मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "बर्फात नका ठेवू त्यांना. थंडी सोसत नाही त्यांना."

काका तणतणत बाहेर गेले. वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी मी दिला. गुरुजींनी माझे हात धरले होते.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो रिकाम्या कॉटकडे बघत उभा राहिला. "मला बघायचं होतं," तो म्हणाला. मी त्याला कारण सांगितलं. त्याने मान हलवली, पण दहावं उरकेपर्यंत आईशी धड बोलला नाही.

परत गेल्यावर तो दर रविवारी फोन करू लागला. एका रविवारी आईचा चेहरा बोलता बोलता उतरला. मी जवळच बसले होते, त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "थांबला असतात तर काय बिघडलं असतं, आई?"

आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत जाऊन कुकर लावला.